मामकुळाची एक ओळ आणि बंद कीबोर्ड

आमच्या श्वेताचं, म्हणजे माझ्या मुलीचं, लग्न जुळता जुळता राहिलं असतं, आणि त्यात दोष मुलाचा नव्हता आणि मुलीचाही नव्हता. आमच्या बौद्ध घरात कुंडली कोणी पाहत नाही, त्यामुळे ग्रहांवर ढकलायचीही सोय नव्हती. दोष होता दोन सेलवर चालणाऱ्या एका कीबोर्डचा, असं मी पुष्कळ दिवस सगळ्यांना सांगत होतो. आता घरात ते कोणी ऐकून घेत नाही.

मी वर्ध्यात एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे आणि नालवाडीत राहतो. कार्यालयात प्रिंटर अडला की मला बोलावतात. मी जातो, झाकण उघडतो, आत पाहतो, ‘हं’ म्हणतो आणि झाकण लावतो. कधीकधी प्रिंटर चालू होतो. झाला नाही तर ‘यंत्र जुनं झालं आहे’ असा शेरा मी स्वतःच्या हातानं लिहून देतो. एवढ्या भांडवलावर मी गेली कित्येक वर्षं आमच्या गल्लीत कॉम्प्युटरवाले भाऊ म्हणून ओळखला जातो.

घरात एक लॅपटॉप आहे. मे महिन्यात माझ्या हातून त्याच्यावर गिलासभर ताक सांडलं (ताक मसाल्याचं होतं, हे माधुरी, म्हणजे माझी बायको, अजूनही प्रत्येकाला सांगते) आणि त्याची निम्मी बटणं कायमची बसली. म्हणून मी एक बिनवायरचा कीबोर्ड आणला. त्याच्यासोबत नखाएवढा काळा तुकडा मिळतो. तो लॅपटॉपच्या खाचेत खुपसला की कीबोर्डवर दाबलेलं लॅपटॉपला कळतं. त्याला डोंगल म्हणतात. आमच्याकडे एक पेनड्राइव्हही आहे, तोही नखाएवढा आणि काळाच. दोन्ही आम्ही फ्रिजवरच्या एकाच वाटीत ठेवतो. आमच्या घरात जे काही लहान असतं ते त्या वाटीत जातं.

तर त्या रविवारी आर्वीहून पाहुणे येणार होते. मुलगा अनिकेत, त्याची आई आणि त्याचे मामा. खरं म्हणजे श्वेता आणि अनिकेत नागपूरला एकाच ठिकाणी नोकरीला होते आणि एकमेकांना दोन वर्षांपासून पाहतच होते (श्वेता वर्ध्याहून रोज ये-जा करते). पण अनिकेतचे वडील तो लहान असतानाच गेलेले. मामांनी त्याला वाढवलं, शिकवलं. मामा हो म्हणाले तर हो, नाही म्हणाले तर नाही, हे अनिकेतनं आधीच सांगून ठेवलं होतं. श्वेता दोन दिवसांपासून नीट जेवत नव्हती. सकाळी तिनं मला एकच गोष्ट सांगितली.

“बाबा, आज तुमी कायलेच हात लावू नका.”

“अवं, मी काय करतो?”

“तेच तं. काहीच करू नका.”

मी फक्त एकच गोष्ट केली. पाहुणे येतील तेव्हा बैठकीत बुद्धवंदना मंद आवाजात चालू असावी म्हणून वाटीतला पेनड्राइव्ह टीव्हीच्या मागे लावला. टीव्हीनं त्याची काही दखल घेतली नाही. मग श्वेतानंच इंटरनेटवरून वंदना काढून ठेवली, आणि मी तो तुकडा तिथंच विसरलो.

पाहुणे अगदी ठरल्या वेळेला आले. मामा तीस-बत्तीस वर्षं बसस्टँडवर गाड्या पुकारायचं काम करून निवृत्त झाले होते. आवाज असा, की आमच्या बैठकीत जय भीम म्हणाले आणि समोरच्या घरातून उत्तर आलं. त्यांना एक सवय होती. लिहिलेलं दिसलं की ते मोठ्यानं वाचत, आणि प्रत्येक शब्दानंतर थांबत. त्यांनी दारावरची पाटी वाचली, पायपुसणं वाचलं, कॅलेंडर वाचलं, टेबलावरची माझी बीपीची गोळी वाचली. वंदना सुरू झाली तेव्हा मात्र हात जोडून, डोळे मिटून शांत बसले. वंदना संपली आणि मी बायोडाटा त्यांच्या हातात दिला. तो मी स्वतः तयार करून छापला होता. मामांनी तो ‘नाव’ पासून ‘पत्ता’ पर्यंत पुकारला, कागद उलटा केला, मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाले, “यात मामकूळ नाई.”

आमच्याकडे बायोडाट्यात मुलीच्या आईचं माहेर लिहितात, त्याला मामकूळ म्हणतात. सगळेच लिहितात. मी माझे वडील, आजोबा, माझं पद, माझा टेबल क्रमांकसुद्धा लिहिला होता. माधुरीचं माहेर आंजी मोठी. तिथं तिचे भाऊ, भावजया, दहा एकर आणि एक विहीर आहे. त्यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. माधुरीनं हातातला पोह्यांचा ट्रे टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी लग्न झाल्यापासून ओळखतो.

“मी मामा हावो म्हून नाई म्हनत,” मामा म्हणाले, “पन मामकुळाबिगर बायोडाटा म्हंजे पाटीबिगर बस. कुठून आली, कुठी चाल्ली, कोनाले समजत नाई.”

“टायपिंगमध्ये सुटलं,” मी म्हणालो. “दोन मिनिटांत नवीन प्रिंट आणतो, मामा.”

“बाबा, मी मोबाइलवरून करून देते,” श्वेता हळूच म्हणाली.

“तू बस. दोन मिनिटांचं काम आहे.”

लॅपटॉप आणि प्रिंटर बैठकीला लागून असलेल्या मागच्या खोलीत असतात. मध्ये एकच भिंत. त्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाला टीव्ही. मी वाटीत उरलेला काळा तुकडा लॅपटॉपच्या खाचेत लावला, बायोडाटा उघडला आणि ‘मामकूळ’ टाइप केलं. (मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो, ते लॅपटॉपवर मराठीत उमटतं. एरवी.) काहीच उमटलं नाही. कीबोर्डचा दिवाही लागत नव्हता. मी सेल काढले, तळहातावर चोळले, दातांनी चावले. सेल चावल्यानं त्यात थोडा करंट येतो हे आमच्या पिढीला कोणी शिकवावं लागत नाही. आणि दिवा लागला! मग सगळ्याच बटणांवरून एकदा बोटं फिरवली. लॅपटॉपवर बायोडाटा जसाच्या तसा. मी टायपिंग शिकताना पहिला शब्द लिहायचो तो लिहिला, ‘नमस्कार’, आणि वरून एंटर मारलं.

माधुरी आत आली. “अहो, टीव्हीले काय झालं? आपोआपच चालू होऊन राह्यला. आता एक बाई सूर्यनमस्कार घालून राह्यली तथी.”

“लाइनीचा प्रॉब्लेम असेल. व्होल्टेज वरखाली होते. इथं कीबोर्ड बी त्याच्यानंच बंद पडला.”

“मामाले वाटलं, आपनच लावली. म्हन्ते, तुमच्या घरी व्यायामाची आवड दिसते.”

“मग चांगलंच आहे न.”

“कायचं चांगलं? सोळावा नमस्कार चालू हाये तिचा. अन् तुमचे दोन मिनिटं कवाचे झाले.”

ती गेली. मी डोंगल काढून दुसऱ्या खाचेत लावलं. तिथून तिसऱ्या खाचेत. लॅपटॉप बंद करून चालू केला. कीबोर्ड उलटा करून थोपटला. त्यातून मुरमुऱ्याचे चार दाणे आणि एक टाचणी निघाली. टूथब्रशनं बटणांच्या फटी घासल्या. माझ्या कार्यालयातल्या तरण्या सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “साहेब, सेल बदला.” मी म्हणालो, “चावले आहेत.” त्यानं विचारलं, “दातांनी?” मग पुन्हा म्हणाला, “बदला, साहेब.”

घरात नवे सेल नव्हते. त्याच मापाचे सेल फक्त टीव्हीच्या रिमोटमध्ये होते, आणि रिमोट मामांच्या पुढ्यात होता. मी बैठकीत गेलो, सगळ्यांकडं पाहून हसलो, मामांच्या पोह्यांच्या बशीजवळून रिमोट उचलला, पाठ उघडली, दोन सेल काढून खिशात टाकले आणि रिकामा रिमोट पुन्हा बशीजवळ ठेवला. अनिकेतनं छताकडं पाहिलं. श्वेतानं डोळे मिटून घेतले होते.

रिमोटच्या सेलांनी दिवा झगझगीत लागला. मी जोमानं बटणं दाबली. लॅपटॉपवर एक टिंबही नाही. तोपर्यंत माधुरी पुन्हा दारात उभी.

“आता तं टीव्ही पागलच झाला. लहान मुलांचे गाने लागते, मंदीच बंद होते, मंग कोन्या देशातली बाई मासोळी तळते. अन् रिमोटमंदी सेल नाई.”

“बटनापासून बंद कर.”

“करतच होती. मामा म्हन्ते, राहू द्या, मले वाचाले भेटून राह्यलं. पडद्यावर अक्षरं येऊन राह्यले म्हन्ते.” ती थोडी पुढं आली. “माहं मामकूळ येते का आज, का मी आंजीले जाऊन भावालेच घेऊन येऊ?”

“आत्ता येते. तू त्यांना संत्री दे.”

“संत्री बी खाऊन झाली.”

ती गेली. पलीकडून मामांचा आवाज येत होता. ते अनिकेतच्या आईला आमच्या पडद्यावर काय काय येऊन गेलं ते क्रमानं सांगत होते, मग त्यावरून त्यांना तळेगावची एक जुनी गाडी आठवली, मग तिचा ड्रायव्हर आठवला, मग ड्रायव्हरचा साडू. मला कशातच लक्ष लागेना. माझ्या पोरीचं सगळं त्या एका माणसाच्या हो-नाहीवर होतं, आणि त्यानं मागितलेली एक ओळ मला देता येत नव्हती. चिडून मी पुढ्यातल्या त्या मेलेल्या कीबोर्डवर मनात आलं ते बडवलं. कोणाला दिसणार होतं? मी लिहिलं, ‘मामा लय बोलतेत’.

पलीकडं साडू थांबला. आणि भिंतीतून, एकेका शब्दावर थांबत, आवाज आला.

“मामा. लय. बोलतेत.”

मी हात उचलून घेतले. लॅपटॉपकडं पाहिलं, तिथं काहीच उमटलं नव्हतं. योगायोग असेल, असं मी स्वतःला सांगितलं. (कसला योगायोग, ते माझं मलाही सुचलं नाही.) खात्री करायला एका बोटानं हळूच लिहिलं, ‘का’.

“का,” मामा पलीकडून म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कीबोर्ड बंद नव्हता. पहिल्यापासून चालू होता. लॅपटॉपला मी पेनड्राइव्ह लावला होता आणि डोंगल सकाळपासून टीव्हीच्या पाठीत होतं. भिंतीपलीकडची ती सूर्यनमस्कारवाली बाई, लहान मुलांची गाणी, तळलेली मासोळी, सगळी माझीच कामगिरी होती. मी दाबत होतो ते टीव्हीच्या शोधायच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत उमटत होतं आणि मामा ते वाचत होते. आणि आता पाच माणसांसमोर, मोठ्या पडद्यावर, माझं मामांबद्दलचं मत लागलेलं होतं.

मी पुसायचं बटण दाबून धरलं.

“आता मिटून राह्यलं,” मामांनी पुकारलं. “मिटलं. समदं मिटलं.” मग आवाज चढला. “तथी कोन हाये जी? मामा लय बोलतेत, हे कोन लेह्यलं?”

खरं म्हणजे उठून बाहेर जायचं आणि पाय धरायचे. पण पाय उचलतच नव्हते. हात मात्र कीबोर्डवर होते. मी लिहिलं, ‘कीबोर्ड खराब आहे’.

“कीबोर्ड. खराब. आहे.” मामा थांबले. “खराब हाये म्हन्ते, अन् लेयते तं बराबर.”

बैठकीत कोणीतरी फिस्कन हसलं. तो अनिकेत होता, हे नंतर कळलं. मी लिहिलं, ‘चूक झाली मामा’. मामांनी तेही वाचलं.

“बाहेर या न मंग, भाऊ.”

‘लाज वाटते’, मी लिहिलं.

“लाज. वाटते,” मामांनी सगळ्या नालवाडीला सांगितलं. आता माधुरीही हसत होती. तिचं हसू मी भिंतीतूनही ओळखतो. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मामा टीव्हीच्या जवळ येऊन बोलले असावेत, कारण आवाज एकदम भिंतीला चिकटून आला.

“बरं, येक सांगा. पोरगी द्याची हाये का नाई तुमाले? का मामा बोलतेत म्हून सोयरीक नको?”

हा प्रश्न तोंडानं विचारला असता तर मी ‘आपली मर्जी, मामा’ असं काहीतरी म्हणालो असतो. तसंच म्हणायची रीत आहे. पण त्या खोलीत मी एकटा होतो आणि समोर बटणं होती. जे खरं होतं तेच बोटांतून गेलं. ‘द्यायची आहे. मुलगा फार चांगला आहे. पण श्वेता गेली की मले घर खायले उठीन’.

मामांनी नेहमीसारखी सुरुवात केली. “द्यायची. आहे. मुलगा. फार. चांगला. आहे. पन. श्वेता. गेली. की.” आणि ते थांबले. पुढचं त्यांनी वाचलं नाही. इतकी वर्षं गाड्या पुकारलेला माणूस अर्ध्या वाक्यात थांबला, असं त्यांच्या बहिणीनंही पहिल्यांदाच पाहिलं म्हणे. मीही इकडं खुर्चीत बसून चष्मा पुसत होतो आणि तो काही केल्या पुसला जात नव्हता. मी श्वेताशी असं कधी बोललो नव्हतो. तिला डबा घेतलास का, गाडीत पेट्रोल आहे का, एवढंच विचारायचो.

तीच मला घ्यायला आत आली. तिनं माझ्या हातातून कीबोर्ड काढून घेतला आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं. तिचेही डोळे लाल होते. मग ती टीव्हीच्या मागे हात घालून डोंगल काढू लागली, आणि मी पाहुण्यांसमोर उभा राहिलो.

अनिकेतची आई आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. मामा असताना त्यांना कधी वेळच मिळत नसावा. त्यांनी पर्समधून एक पेन काढलं, बायोडाटा माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, “भाऊ, हातानं लेहून द्या न. येकच तं ओळ हाये.”

पाऊण तासात हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी पेन घेतलं. माधुरी शेजारी उभी राहून सांगत होती आणि मी लिहीत होतो. तिचे तिन्ही भाऊ, आंजी मोठी, विहीरसुद्धा. मामांनी कागद घेऊन ओळ वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि “कळवतो” एवढंच म्हणून पाहुणे गेले.

ते ‘कळवतो’ आम्हाला चार दिवस पुरलं. श्वेता नागपूरच्या ऑफिसातून रोज फोन करायची आणि फोन आला का विचारायची. माधुरी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मी रात्री जेवताना दोनदा म्हणालो की कीबोर्डच तसला होता, आणि दोन्ही वेळा मला भाजी वाढायची राहिली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मामांचा फोन आला. माधुरी माझ्या खांद्याला खेटून उभी राहिली.

“भाऊ, पोरगी पसंत हाये. घर पसंत हाये. मामकूळ बी पसंत हाये, आंजीले चौकशी केली आमी. पन आमची येक अट हाये.”

अट म्हटलं की मुलीच्या बापाला काय काय आठवतं ते मी सांगायला नको. “सांगा, मामा,” मी कसंबसं म्हणालो.

“लग्नात माइक माह्या हाती राहीन. पहिल्या पाव्हन्यापासून शेवटच्या पंगतीलोक. अन् तुमी मले मंदी टोकायचं नाई. ना तोंडानं, ना लेहून.”

“मंजूर,” मी म्हणालो. एवढ्या घाईनं मी आयुष्यात कशालाही मंजुरी दिलेली नाही, आणि माझं कामच फायली मंजुरीसाठी पाठवायचं आहे.

“मंग ठरलं, ईवाई,” मामा म्हणाले. व्याह्याला आमच्याकडे ईवाई म्हणतात. माधुरीनं तिथूनच श्वेताला फोन लावला, दोघी एकदम हसायला आणि रडायला लागल्या, आणि माझ्या कानाशी मामा पुढं बोलत राहिले. हॉल कोणता, आर्वीहून गाड्या किती, कोणत्या गाडीत कोण, आणि गाडीवरून पुन्हा तळेगावची ती जुनी गाडी, तिचा ड्रायव्हर आणि त्याचा साडू. त्या साडूचं पुढं काय झालं ते मला त्या दिवशी संपूर्ण कळलं. मी मध्ये एकदाही बोललो नाही.

फोन ठेवला तेव्हा कान गरम झाला होता. माधुरी पदरानं डोळे पुसत माझ्यासमोर येऊन बसली.

“येवढा वेळ काय म्हनून राह्यले होते मामा?”

मी ‘मामा लय’ एवढं म्हणालो, टीव्हीकडं पाहिलं आणि तोंड मिटलं.